सरावाची घंटा

युद्धातून निसटून आलेल्या निर्वासित मुलांचा उन्हाळी वर्ग सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्या दिवशी आगीच्या सरावाची घंटा वाजली. मुलांना आधी सांगायचं मी साफ विसरले होते. "चला माझ्या मागून," म्हणत मी ऐटीत मैदानात पोचले, वळून पाहिलं, तर मागे चिटपाखरू नाही. एकोणीस मुलं गेली कुठे?

शिपाईकाकांनी नि मी सगळे वर्ग धुंडाळले. "बाई, फाटक उघडंच होतं हो," काका म्हणाले, आणि मी रस्त्यापर्यंत धावत जाऊन आले.

शेवटी तळघराचं दार ढकललं. अंधारात सगळी भिंतीला पाठ लावून, कानांवर हात ठेवून बसली होती. धाकटी मुलं आतल्या बाजूला. केसांना डझनभर चिमटे लावणारी आमची तेरा वर्षांची 'चिमटाताई' माझ्यावरच डाफरली, "बाई, वेड लागलंय का? घंटा झाल्यावर कुणी उघड्यावर जातं? मी दोनदा मोजलं, तुम्हीच कमी!"

"अगं, सराव होता," म्हणणार, तोच सराव संपल्याची घंटा वाजली. एकोणीस माना एकदम खाली गेल्या. मी तिच्याशेजारी बसले. तिने माझे हात उचलून माझ्याच कानांवर ठेवले.