भावजयीची ओळ

हुइजेन शाई उगाळत होती की भावजयीवरचा राग, कोण जाणे. वडी दगडावर एवढ्या जोरात फिरत होती की दोन थेंब टेबलावर उडाले. समोर मिंगचूची कविता होती. आवडलेल्या शब्दाशेजारी लाल वर्तुळ काढायची याओ गुरुजींची रीत, आणि सुनेच्या या कागदावर अंगभर गोवर उठावा तशी वर्तुळं उठली होती. एक ओळ तेवढी कोरी सुटली होती.

"अक्षर सुबक काढ हो," खिडकीपाशी बसलेले गुरुजी म्हणाले. "लाकडावर कोरायचंय. तुझ्यासारखं वळण अख्ख्या हूझौत कुणाचं नाही."

"हो, आबा."

वळण! लहानपणापासून आबांनी तिच्या अक्षराला वर्तुळं दिली होती, तिच्या शब्दांना मात्र एकही नाही. भाऊ खेळायला पळायचा तेव्हा ती धडा गिरवत बसायची. थंडीत बोटं फुटायची, तरी कुंचला सोडायची नाही. नवरा गेल्यावर माहेरी परतली, तेव्हा सामानात चार कपडे आणि झिजून खळगा पडलेला हा शाईचा दगड, एवढंच होतं.

आता घराण्याच्या कवितांचा संग्रह छापायचा होता. शेवटचं पान घरातल्या बाईसाठी राखलेलं. हुइजेनने धीर करून विचारलं होतं, "आबा, माझी एखादी घेता का?" गुरुजी समजूत घातल्यासारखे हसले होते.

"अगं, तू आता लिन घरची. या संग्रहात याओंचीच माणसं."

आणि परवा-परवा डोलीतून उतरलेली मिंगचू मात्र याओंची! हुइजेनच्या जिवाचा नुसता तिळपापड झाला होता.

तेवढ्यात मिंगचू चहा घेऊन आली. तिने पेला हळूच, कागदापासून लांब ठेवला.

"वन्सं, जरा घोटभर घ्या ना. माझ्यामुळे तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला? दुसऱ्यांचं उतरवून काढायलाच तर आमचा जन्म."

मिंगचूचा चेहरा पडला. ती आत गेली. गोड बोलणारी माणसं हुइजेनला हल्ली सहनच होत नसत.

कविता अभ्यासावरच होती. पहाटेचा दिवा, पुन्हा पुन्हा तोच धडा. उतरवता उतरवता हुइजेन त्या कोऱ्या सुटलेल्या ओळीवर आली: 'दगड झिजला, हात सरावला.' तिला हसूच फुटलं. हिचा हात सरावला म्हणे! शाईची अर्धी वडी तरी संपवलीय का या बाईने? दगड झिजलाय तो कुणाचा?

तिने कुंचला शाईत बुडवला. गुरुजी डुलक्या घेत होते. 'सरावला'च्या जागी तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'अडखळला'. वाचू दे लोकांना. दगड झिजून गेला तरी याओंच्या सुनेचा हात अडखळतोच, म्हणून हसू दे सगळ्या गावाला.

गुरुजींनी कागद तपासला नाही. तिचं लिखाण ते कधीच तपासत नसत. तसाच तो कोरणाऱ्या पान मास्तरांकडे गेला. ते कागद लाकडावर उलटा चिकटवून अक्षरांभोवती छिन्नी चालवतात. एकदा छिन्नी लागली की कागदही गेला आणि माघारही गेली. हुइजेनला हे ठाऊक होतं. दोन दिवस तिला बरं वाटलं. मग वाटेनासं झालं.

निळ्या शाईतला पहिला ठसा घेऊन पान मास्तरांचा माणूस आला, तेव्हा अंगणात तिघंही होती. गुरुजी मोठ्याने वाचू लागले. हुइजेन नजर खाली घालून शेंगा सोलत राहिली. त्या ओळीपाशी गुरुजी थांबले. परत वाचली. तिच्या हातातली शेंग गळून पडली.

"सूनबाई!" गुरुजींचा आवाज चढला होता. "हे तू मागाहून बदललंस?"

मिंगचूने पुढे येऊन पाहिलं.

"वा, वा!" गुरुजी म्हणाले. "अगं, हीच ओळ मला खटकत होती. नुसती बढाई होती ती. आता बघ, दगड झिजला, हात अडखळला! जन्मभर शिकलेल्या माणसालाच कळतं, की जेवढं शिकावं तेवढा हात बिचकतो. एका शब्दाने कविता उभी राहिली."

"मामंजी," मिंगचू म्हणाली, "हा शब्द माझा नाही."

मिंगचूने सावकाश मान वळवून नणंदेकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर हुइजेनला सोपं गेलं असतं. तिने तोंड उघडलं. पण माझा म्हणायचं, तर कशासाठी लिहिला तेही सांगावं लागणार होतं. तिने तोंड मिटलं.

गुरुजी मात्र खूश होऊन हसत होते.

"ऐकलंस, हुइजेन? विनय म्हणतात तो हा! एवढा शब्द सुचला, तरी म्हणते माझा नाही. शीक जरा हिच्याकडून."

"मामंजी, मी खरंच सांगते—"

"पुरे, पुरे. हुइजेन, माझा हात कापतो अलीकडे. लाल शाई आण, आणि त्या शब्दाला वर्तुळ तूच काढ. चांगलं मोठं."

हुइजेन उठली. लाल शाई आणली, कुंचला भिजवला, त्या निळ्या शब्दाशेजारी टेकवला. मिंगचूने कागद उडू नये म्हणून कोपरा धरला होता. जन्मात पहिल्यांदा हुइजेनच्या शब्दाला वर्तुळ मिळत होतं. ते वाकडं आलं, आणि दोन्ही टोकं जुळलीच नाहीत.

गुरुजींनी वाकून पाहिलं.

"हे काय गं? तुझा हात तर कधी अडखळत नाही."