चौथ्या पायाचं गुपित

थांबा. बसण्याआधी एक सांगा, तुम्ही नुसते टेकायला आलात की मला उचलून न्यायला? राग मानू नका. मी खुर्ची बोलतेय, सागवानी, बिनहाताची, बिनचाकांची. अख्खा जन्म माणसं माझ्याकडे पाठ करून बसत आली. पाठ करणाऱ्यावर एकदम विश्वास कसा ठेवायचा, तुम्हीच सांगा.

माझा जन्म चेन्नईच्या अंबत्तूरचा. तिथल्या एका छोट्या कारखान्यात यंत्रं पाठवायला लाकडी खोकी बनत. तिथल्या सुतारानं उरलेल्या सागातून ऑफिससाठी मला घडवलं. चौथा पाय ठोकताना म्हणाला, "ही आता चाळीस वर्षं हलत नाही." तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. इतक्या छातीठोकपणे बोलणारा माणूस सरस नक्की हात राखून लावतो.

ऑफिसात माझ्यावर जनकोजीराव बसायचे. टायपिस्ट, घराणं तंजावरचं मराठी, माणूस सरळ. पण माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा गडी मागच्या दोन पायांवर झुलायचा. एक दिवस ती बिचारी कुरकुरली. दुपारच्या जेवणाआधी ती मागच्या फाटकाशी भंगाराच्या गाडीत! त्या दिवशी मी कानाला खडा लावला. काय वाट्टेल ते होवो, आपण आवाज करायचा नाही.

पुढे चाकांच्या खुर्च्या आल्या आणि निवृत्त होताना जनकोजीरावांनी मला तांबरमला आपल्या तळमजल्यावरच्या घरी आणलं. ते गेल्यावर सहा वर्षं माझ्यावर वर्तमानपत्रं साठली, इस्त्रीचे कपडे साठले. कुणी बसलं नाही. मला वाटलं, आपले दिवस भरले.

गेल्या वर्षी धनलक्ष्मीअम्मा, म्हणजे त्यांची बायको, तांदळाचा डबा उचलताना "अय्यो!" म्हणून खाली बसली. उसण भरली म्हणून आठ दिवस बाम चोळला. मला मात्र संशय होता. पूर्वी जाता-येता तिचा हात माझ्या पाठीवर वरून पडायचा, आता तो खालून खालून यायला लागला होता. तिच्या साडीच्या निऱ्याही जमिनीवर लोळायच्या. तिची सून ऋजुता सांगलीची, कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करते. तिनंही ते हेरलं. "आई, तुमची उंची कमी झालीय का?" असं विचारून ती तिला पाठीचा एक्स-रे फोटो काढायला घेऊन गेली. पाठीचा एक मणका चेपला होता. हाडांची घनता मोजली, तीही भलतीच कमी. डॉक्टर म्हणाले, ऑस्टिओपोरोसिस. हाडं आतून पोकळ होत चाललीत, पुढचं हाड मोडायला पडायलाही नको.

मग गोळ्या आल्या, नाचणी आली, आणि विद्यालक्ष्मी नावाची व्यायाम शिकवणारी बाई आली. आल्या आल्या तिनं काय केलं? माझी पाठ धरून मला गदगदा हलवलं! "खुर्ची पक्की आहे," म्हणाली. काय हा अपमान! पण मान शेवटी मलाच मिळाला. मला भिंतीला टेकवून ठेवायचं, अम्मानं हात न लावता दहा वेळा उठायचं आणि बसायचं. स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलायच्या. रोज चालायचं, घरातसुद्धा घट्ट चप्पल घालायची.

"आणि कमरेतून पुढे वाकायचं नाही," विद्यालक्ष्मी म्हणाली. "वाकलात की सगळा भार मणक्याच्या पुढच्या बाजूवर येतो. तुमचा तिथलाच मणका चेपलाय. दुसरा चेपला तर पाठ सरळ होणार नाही."

"कोलम?" अम्मानं विचारलं.

"ते तर नाहीच."

अम्माचा चेहरा मी पाहिला. कोलम म्हणजे इथली तांदळाच्या पिठाची रांगोळी. दारात पाणी शिंपडायचं आणि ओल्यावर ठिपके मांडून काढायची. पन्नास वर्षं रोज पहाटे तिनं ती काढली होती, गुडघे ताठ ठेवून, कमरेतून पार वाकून. तिच्या सासूची शिस्तच तशी होती. बसून कोलम काढते ती आळशी. अम्मा अजून अभिमानानं सांगायची, "एवढ्या वर्षांत मी कधी बसली नाही. आमचा व्यायाम तोच गं!"

ऋजुतानं बाजारातून कोलमचं स्टिकर आणून दारात चिकटवलं. अम्मा त्याच्याकडे बघून म्हणाली, "हे काय, घर की दुकान?"

तेव्हापासून माझा ऋजुतावर डोळा होता. आज कोलम हटवून स्टिकर चिकटवलं, उद्या मला काढून प्लास्टिकची आणेल. उपद्व्यापी दिसत होती. अम्मा भोळी, अम्मा आपली. कसली आपली!

एका पहाटे, अम्माचा मुलगा व्यंकटेश सकाळच्या पाळीला कारखान्यात गेलेला, ऋजुता अजून झोपलेली, अम्मानं मला भिंतीपासून ओढलं. थेट उंबऱ्याबाहेर. पाणी शिंपडलं, मला त्या ओल्यात उभं केलं, डाव्या हातानं माझी पाठ धरली आणि पीठ घेऊन वाकली. गुडघे ताठ! मी मनात ओरडले, अगं बाई, हेच नको म्हणाली ना ती? पण ओरडायचं मनातच. स्टिकरच्या शेजारी छोटंसं कमळ काढून तिनं मला परत भिंतीला लावलं, कमरेवर हात दाबत बराच वेळ उभी राहिली आणि आत जाऊन कण्हली.

"कोलम कुणी काढलं?" ऋजुतानं विचारलं.

"सईबाईनं," अम्मा म्हणाली. सईबाई भांडी घासायला येते. येते आठ वाजता. तेव्हा सात वाजले होते. ऋजुता घड्याळाकडे बघून गप्प बसली. ती गप्प बसली याचा मला फारच संशय आला.

हे रोज चाललं. रोज मी ओल्यात उभी. पंधराएक दिवसांत माझ्या चौथ्या पायाचा सरस सुटला. सुतारावरचा माझा संशय खरा ठरला, पण कुणाला सांगू? आवाज केला तर भंगार. मी सांधा आवळून धरला. अम्मा दहा वेळा उठायची, बसायची, मी दात-ओठ खाऊन गप्प. घरात दोन गुपितं झाली. तिचं मला ठाऊक होतं, माझं तिला नव्हतं.

मग मार्गळी लागला. डिसेंबरच्या मध्यापासून सुरू होणारा हा महिना, दारोदार भलीमोठी कोलमं. पहिल्याच पहाटे अम्मानं मोठा डबा भरून पीठ घेतलं. आज कमळावर भागणार नव्हतं. ती वाकली, ठिपक्यांमागून ठिपके टाकत गेली, आणखी वाकली. मध्येच तिच्या पाठीत कळ आली. "अय्यो अम्मा!" म्हणत तिनं डाव्या हातावर, म्हणजे माझ्यावर, अंगाचा सगळा भार टाकायला घेतला.

माझा पाय निसटायला लागला होता. फरशी ओली, पीठ सांडलेलं, आणि माझ्या भरवशावर ते पोकळ हाड. पडली असती तर मणका नाही, खुबाच गेला असता. मला शेजारची ती खुर्ची आठवली, भंगाराची गाडी आठवली. भीती वाटली हो, खरंच वाटली.

आणि मी कुरकुरले. अशी तशी नाही, कर्रर्र करून अख्खी गल्ली जागी होईल अशी!

अम्मानं दचकून हात काढला, दाराची चौकट पकडली आणि सरळ झाली. मी आडवी पडले. पाय एकीकडे, मी एकीकडे.

ऋजुता धावत आली. पाणी, पीठ, मोडलेली मी, चौकटीला धरून उभी सासू. आता ही गरजणार, असं मला वाटलं. तिनं आधी अम्माचे खांदे, पाठ चाचपून पाहिली.

"दुखतंय का? खरं सांगा, आई."

"थोडं. सईबाईनं नाही गं काढलं."

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बोलले तर तुमचं मन मोडेल म्हणून गप्प बसले. चुकलंच माझं." "तुम्हाला काही झालं असतं तर मी काय केलं असतं?"

"स्टिकरच्या दारात मार्गळी काढायचा?" अम्मा रडायला लागली. "जीव जातो गं माझा."

ऋजुतानं स्वयंपाकघरातलं स्टूल आणून दाराच्या आत भिंतीला लावलं, अम्माला त्यावर ताठ बसवलं आणि पिठाचा डबा उचलला. स्टिकर नखानं खरवडून काढलं. मग चार ठिपके वाकून टाकले, तेही वाकडे, आणि कंबर धरून उभी राहिली.

"आई, मी बसून काढलं तर चालेल?"

पन्नास वर्षांची शिस्त होती. मग अम्मा पदरानं डोळे पुसून म्हणाली, "बस गं, बस. तुझी हाडं तरी नीट राहू देत. सरि, ठीक आहे, आता दुसरा ठिपका इकडे घाल."

त्याच दिवशी विद्यालक्ष्मीनं अम्माला डॉक्टरांकडे नेऊन पुन्हा फोटो काढवला. नवा मणका चेपला नव्हता. आणि मी? मी भंगाराच्या गाडीची वाट बघत कोपऱ्यात पडून होते. ऋजुतानं सुतार बोलावला. त्यानं पाय बसवला, चारही पायांना रबर लावले. जिच्यावर मी वर्षभर डूख धरला तिनंच मला ठेवलं. तोंडात मारल्यासारखं झालं.

आता मी पुन्हा भिंतीला टेकून उभी असते. अम्मा रोज येते. बसण्याआधी माझी पाठ धरते आणि गदगदा हलवते. आधी राग यायचा. आता मी वाट बघते. सगळ्यांवर संशय घेतला मी, सुतारावर, सुनेवर, सुनेच्या गप्प बसण्यावर. घ्यायला हवा होता तो माझ्या स्वतःच्या पायावर.

तेव्हा बसा खुशाल. पण आधी हलवून बघा. मी पक्की आहे असं मी म्हणतेय म्हणून विश्वास ठेवू नका.