‘पाहू’ नावाचं फोल्डर

भिंगाच्या कडेला अंगठ्याचा ठसा होता — त्याचाच, सकाळचा — आणि तो पुसायचं सोडून तो त्यातूनच समोरच्या आजीबाईंच्या डोळ्याकडे बघत राहिला, कारण खिशातल्या फोनमध्ये आत्याचा निरोप होता आणि तो सकाळपासून त्याला आतून कुरतडत होता... आता बरं, की मघाचं बरं, त्याने सवयीने विचारलं. मघाचं, आजीबाई म्हणाल्या, हे अगदीच टाकाऊ. त्याने ते भिंग काढून दुसरं घातलं; त्याला वाईट वाटलं नाही, त्यांनाही संकोच नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर हेच चालायचं.

आणि तिकडे... तिकडे आठ महिने.

आत्या म्हणजे त्याची कोणी सख्खी आत्या नव्हे. कुठल्याशा इस्पितळातली नर्स, फिरक्या घेण्यात पटाईत, म्हणून सगळे तिला आत्या म्हणत. लहानपणी त्यांनी सगळ्यांनी खेळलेला एका होडीवाल्याचा व्हिडिओ गेम — तो काढणारी कंपनी कधीच बुडाली होती — आत्या धरून अकरा वेडी माणसं मिळून तो पुन्हा पहिल्यापासून बांधत होती, आपापल्या नोकऱ्या सांभाळून, फुकट, सहा वर्षं. सुरुवात याने केली म्हणून हा कप्तान. कप्तान म्हणे! बायकोने आज भाजी कोणती करू विचारलं तरी ‘पाहू’ म्हणणारा माणूस.

‘पाहू’ नावाचं फोल्डरच होतं त्याचं. कोणी चित्र पाठवलं, नकाशा पाठवला, पसंत पडलं नाही की फोनवरच्या गटात अंगठ्याचं चिन्ह टाकायचं आणि ती फाईल गुपचूप ‘पाहू’मध्ये सरकवायची. पदरचा वेळ घालून राबणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? नाही म्हटलं की जातील, ही धास्ती — आणि चौघे गेले ते नाही न म्हटल्यामुळेच, भांडून नव्हे, नुसते यायचे थांबले. तेव्हा आपण काय म्हणालो? लोकांना चिकाटी नाही... वा रे वा.

आत्याने लिहिलं होतं, ‘नदीच्या धुनेचं आठ महिने भिजत घोंगडं पडलंय. वाईट असेल तर वाईट म्हण, दुसरी करते. पण संध्याकाळपर्यंत पुन्हा तुझं पाहू आलं, तर मी चालले.’ ती गेली तर गेम मुका. संगीत जमणारं दुसरं कोणी नव्हतंच.

“कंटाळला असाल हो माझ्या नाही-नाहीला,” आजीबाई म्हणाल्या.

“नाही म्हणता म्हणून तर नंबर सापडतो, आजी.”

बोलून गेला आणि त्याचा हात भिंगावरच थांबला. हे मी म्हणालो? मी?

जेवणाच्या सुट्टीत तो मागच्या खोलीत फ्रेमांच्या खोक्यांमध्ये बसला. डबा तसाच बंद. ‘पाहू’ उघडलं — एकेचाळीस फाईली. नदीची धून पुन्हा ऐकली, दोनदा, आणि ती गोड होती, इतकी गोड की... तेच तर बिनसलं होतं, आणि हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं, तरी त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. आता त्याने लिहिलं, ‘आत्या, धून सुंदर आहे, पण इथे चालणार नाही. इथे होडी बुडते. ही ऐकताना तर बुडायची भीतीच वाटत नाही. आठ महिने हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. चूक माझी.’

पाठवलं. छप्पर कोसळलं नाही.

मग नकाशावाला, दोन वर्षं वाट बघणारा: किल्ला नको, त्यामागची पाऊलवाट हवी. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. हो. नाही, कारण... हो, आणि हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. गेलेल्या चौघांनाही एकेक. दुकानाचे मालक असलेल्या मामांनी पुढून दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा ‘आलो’ म्हणून तो हलला नाही. एकेक फाईल जात होती आणि छातीतलं ओझं उतरत होतं, सहा वर्षांचं, आणि त्याला चक्क हसू फुटलं, खोक्यांच्या गराड्यात एकट्यालाच. शेवटी फोल्डर रिकामं झालं आणि त्याने ते पुसूनच टाकलं. कप्तान आज झालो मी, आज.

नकाशावाल्याचं उत्तर आलं: दोन वर्षांनी का होईना, पलीकडे माणूस आहे हे कळलं, पाऊलवाट देतो. गेलेल्या चौघांतल्या एकीने विचारलं, अजून जागा आहे का?

आत्याच्या नावाखाली ‘लिहीत आहे’ उमटलं. गेलं. पुन्हा उमटलं... तो उभा राहिला. मनात नेहमीची धास्ती शोधून पाहिली, जिभेने पडलेल्या दाताची जागा चाचपावी तशी. ती तिथे नव्हती. मामांनी तिसरी हाक मारली. लिही बाई, काय हवं ते लिही. जाते म्हण, शिव्या दे. ऐकतो मी.