पडद्याबाहेरून येणारी उत्तरं

मित्रांनो, मी एक जुना हिरवा पडदा आहे आणि आज जाम वैतागलो आहे. आळेफाट्याजवळच्या एका दवाखान्यात, बायकांच्या तपासणीच्या टेबलापुढे मी टांगलेला असतो. जुन्नरच्या दिलावरचाचांनी मला दुहेरी टीप घालून शिवलं. "याच्या आड बाईमाणसानं मोकळेपणी बोलावं," म्हणाले होते. पहिल्या वर्षी मला दर शनिवारी धुवायचे. आता निम्म्या कड्या तुटल्यात आणि येणारा-जाणारा मला हात पुसतो. ते एक वेळ चालेल. पण मोकळेपणी बोलणं? कपाळ माझं!

परवाचंच सांगतो. डिंगोऱ्याची उज्ज्वला आली होती. वय एकोणतीस, पदरी एक मुलगी, आणखी एक मूल हवं होतं. तपासणीत तिच्या गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी बिघडलेल्या निघाल्या होत्या. बाहेर बाकावर नवरा दादाभाऊ आणि सासू बायडाबाई बसलेले.

डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावलं. हा कॅन्सर नाही. दर सहा महिन्यांनी येऊन तपासत राहता येईल. या वयात पेशी पुष्कळदा आपोआप सुधारतात, पण तपासणी चुकवली तर धोका. नाहीतर छोटं ऑपरेशन करून तेवढाच खराब भाग काढायचा. त्यानंतरही मूल होतं, फक्त दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची भीती थोडी वाढते.

"तुला काय वाटतं, उज्ज्वला?"

"पिशवीच काढून टाका एकदाची! लई कटकट नको," बाहेरून बायडाबाई.

"पिशवी काढायचा प्रश्नच नाही, आजी. उज्ज्वला, तू सांग."

"तुमाला बरं वाटंल ते करा, मॅडम," बाहेरून दादाभाऊ.

अरे, तुम्हाला कोणी विचारलं का? मी भिंत नाही, कापड आहे, मान्य. पण काही लाजलज्जा? वर्षानुवर्षं हेच ऐकतोय. विचारायचं आतल्या बाईला आणि बोलायचं बाकावरच्यांनी!

उज्ज्वला टेबलावरून उतरली, साडी सावरली आणि मला असं खस्सकन ओढलं की आणखी एक कडी गेली.

"मॅडम, मला ऑपरेशन नको व्हतं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "तपासत राहायचं, दुसरं लेकरू होऊ द्यायचं, असं मनात व्हतं. पण रिपोर्टला तुमी महिन्यानं बोलावलं आन् मी चार महिन्यांनी आले. आदी टमाट्याचा तोडा, मग चुलतदिराचं लगीन, मग जत्रा. सा-सा महिन्याला मला इथं कोण आणणार? तेवढा भाग काढून टाका."

"मी आणीन की," दादाभाऊ पुटपुटला.

"आज तीनदा रडले, तवा आणलं तुमी."

"घरी जाऊन विचार कर, घाई नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"घरी गेले की परत येणं न्हाई व्हायचं, मॅडम. तारीख द्या."

मंगळवारची तारीख मिळाली. उज्ज्वलाचा निर्णय वाईट नाही, तिचा जीव सुखरूप राहील. पण घरचे तारखा पाळतील एवढा भरवसा असता, तर तिनं दुसरंच निवडलं असतं. याचा मला भयंकर राग येतो.

मित्रांनो, मला धुवा, कड्या लावा, हे मागणं मी सोडलंय. तुमच्या आईला दवाखान्यानं पुढची तारीख दिली असेल, तर ती कोणती ते आजच विचारा. त्या दिवशी तिच्याबरोबर या. बाकावर बसा. आणि डॉक्टर तिला काही विचारतील तेव्हा तोंड बंद ठेवा.