सोळाच्या जागी अकरा

एका पायात काळा मोजा, दुसऱ्या पायात गडद निळा. दोन्ही काळेच असल्याची खात्री.

*

सकाळी सहा वाजता भिंत कोणत्या रंगाची असते?

*

बिस्किटांचे पत्र्याचे दोन डबे. एकावर खडूने लिहिलंय ‘ता’, दुसऱ्यावर ‘प्रे’.

*

गुडघ्यापर्यंत प्लास्टर. सात आठवडे.

*

“माणसं बर्फाखालून बोलत असावीत असा हा निळा प्रकाश; तो सहन होत नाही, आणि तेच त्याचं मोठेपण.” (वर्तमानपत्राचं कात्रण, काचेच्या फ्रेममध्ये, दिवाणखान्यात, सोफ्याच्या बरोबर वर.)

*

“तुमच्या डोळ्यात चहा झालाय, आजी,” डोळ्यांची डॉक्टर म्हणाली.

*

आधी ‘आजी’चा राग आला. चहाचं नंतर लक्षात आलं.

डॉक्टर पोरसवदा होती, पण समजावून छान सांगत होती. मोतीबिंदू असा हळूहळू पिकतो, की आपल्याला पत्ता लागत नाही. डोळ्यातलं भिंग पिवळं होतं, मग तपकिरी. चहाच्या ग्लासातून जग बघावं तसं. पांढरं दिसतं ते पांढरं नसतं आणि निळं तर अर्धं आतच अडकतं. “पण तुम्हाला काय फरक पडतो म्हणा,” ती म्हणाली. “काम काय करता तुम्ही?”

“नाटकांना उजेड देते,” खुर्चीतल्या बाई म्हणाल्या.

डॉक्टरने लगेच ऑपरेशनच्या तारखांची वही उघडली.

नाटकवाले या बाईंना ताई म्हणत, तेव्हा आपणही ताईच म्हणू. वय एकसष्ट. एकविसाव्या वर्षी नाटकात आल्या त्या नटी व्हायला. वाट्याला आली मोलकरीण, तीही दोन वाक्यांची: “बाईसाहेब, पाहुणे आलेत” आणि “बाईसाहेब, पाहुणे गेले.” मधला दीड तास विंगेत उभं राहायचं. त्या दीड तासात ताईंनी पाहुण्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या वरून येणाऱ्या उजेडाकडे बघत राहिल्या. दोन वर्षं बघितलं आणि एके दिवशी सांगून टाकलं, की बाईसाहेबांच्या अर्ध्या तोंडावर पडद्याची सावली पडते, त्यामुळे त्या रडताहेत की हसताहेत तेच कळत नाही. प्रकाशयोजना करणारे गृहस्थ वैतागून म्हणाले, “मग तूच कर की!”

त्यांनी केली. तेव्हापासून एकशे बारा नाटकं केली. त्यांच्या पावसाचं, त्यांच्या दुपारचं कौतुक झालंच, पण नाव झालं ते त्यांच्या सकाळचं. दिग्दर्शक भेटायला आले की म्हणत, “ताई, दुसऱ्या अंकात तुमची एक सकाळ हवी.” जणू कपाटात घडी घालून ठेवलेली होती.

*

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा महिन्याभराने करायचा होता. तिसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा मिळाला, आणि घरी येऊन ताईंनी तो काढला.

“स्वयंपाकघराला रंग कधी दिलास?”

मुलगी भांडी पुसत होती. “कुठला रंग?”

“पांढरा.”

“आई, तो पांढराच आहे. सहा वर्षांपूर्वी तूच निवडलास. ‘लोण्यासारखा आहे’ म्हणून सगळ्यांना सांगत होतीस. आम्हाला वाटलं, तुला काहीतरी खास दिसत असेल.”

ताईंनी खाली पायांकडे पाहिलं. “आणि हे मोजे?”

“ते तर तू पाच वर्षं वेगवेगळे घालतेस. मी बोलले नाही. म्हटलं, कलाकार आहे, असेल काहीतरी.”

दोघी पोट धरून हसल्या. ताईंचं हसू आधी थांबलं.

दिव्यापुढे जो रंगीत पारदर्शक कागद लावतात त्याला जिलेटीन म्हणतात. प्रत्येक छटेला नंबर असतो आणि सगळ्या नंबरांचे बोटभर तुकडे शिवलेली एक पुस्तिका मिळते. ताईंच्या पर्समध्ये किल्ल्या नसल्या तरी ती असे. त्यांनी निळ्यातला सोळा नंबर उघडून खिडकीशी धरला. गेली सात वर्षं त्यांची प्रत्येक सकाळ सोळा नंबरची होती. त्याआधी अकराची असायची. पण मध्येच कधीतरी अकरा फिका, मातकट वाटायला लागला, म्हणून बारा, मग चौदा, मग सोळा.

डावा डोळा, जुना: कोवळा, धुतल्यासारखा उजेड.

उजवा डोळा, नवा: शाईची दौत.

डावा. उजवा. डावा. उजवा.

सात वर्षांत तेवीस नाटकं. तेवीस नाटकांत माणसं अंथरुणातून उठली, त्यांनी दारं उघडली, एकमेकांना माफ केलं, आणि ते सगळं शाईच्या दौतीत. हजारो लोकांनी तिकिटं काढून ते पाहिलं आणि ताईंना तेवढं कोणी सांगितलं नाही.

*

(न केलेला फोन, दिग्दर्शकाला: “हो, मी बरी आहे. नाही, नवं नाटक चार दिवसांवर आलंय ते माहीत आहे. म्हणूनच म्हणते, दुसरं कोणी बघा. नाही रे, दुखत नाही. दिसायला लागलंय.”)

*

फोन करण्याआधी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी, म्हणजे एका डोळ्याने, बघून यावं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ताई एका नाट्यगृहात गेल्या. त्यांचं जुनं नाटक तिथे दोन वर्षं चालू होतं आणि संध्याकाळी प्रयोग होता. मंचावर नेपथ्य लागलेलं: एक खाट, एक खिडकी, एक भिंत. बाल्कनीच्या मागे लाकडी खोका वाटावा अशी केबिन, तिला एक काच, आत दिव्यांचा बोर्ड. बोर्डापुढच्या फाटक्या गादीच्या स्टुलावर फ्यूज.

फ्यूजने सव्वीस वर्षं ताईंचे दिवे चालवले होते. पहिल्याच दिवशी त्याने अख्ख्या नाट्यगृहाचा फ्यूज उडवला, तेव्हापासून बायको सोडून कोणी त्याला नावाने हाक मारली नाही; पुढे पुढे बायकोनेही नाद सोडला.

ताईंना दारात बघून तो असा उठला, की स्टूल उलटलं.

“ताई! तुम्ही? आज? डॉक्टरांनी आराम सांगितलाय ना?”

“तिसऱ्या प्रवेशाची सकाळ लाव.”

“आत्ता? चहा सांगतो आधी.”

“फ्यूज.”

“बल्ब तापलेत जरा...”

“सकाळी अकरा वाजता? लाव म्हणते ना!”

त्या खाली जाऊन सातव्या रांगेत बसल्या. काळा चष्मा काढला, डावा डोळा तळहाताने झाकला आणि जीव मुठीत धरून वाट बघू लागल्या. अंधार झाला. मग खिडकीतून उजेड आला, भिंतीवर चढला, खाटेच्या कडेवर थांबला.

ती सकाळ होती. शाई नाही, दौत नाही. सहा वाजताची भिंत जशी असते तशी भिंत: थंड, थोडी राखाडी, अजून रात्र पुरती न सुटलेली.

ताईंचा जीव भांड्यात पडला. आपण चुकलो नव्हतो! खिडकीशी धरलेला कागद वेगळा आणि दिव्यापुढे लावलेला वेगळा, घाबरून आपलीच गफलत झाली. केबिनच्या काचेकडे बघून हात हलवावा असं त्यांना वाटलं. पण अडतीस वर्षांची सवय वाईट. हात उचलायच्या ऐवजी त्यांनी पर्समधली पुस्तिका काढली, सोळा नंबर उघडून भिंतीच्या दिशेने धरला. तुकडा शाईसारखा, भिंत नाही.

“फ्यूज! तो दिवा खाली घे.”

केबिनच्या काचेमागून फ्यूजचं डोकं गायब झालं.

“घेतोस की शिडी लावून मीच चढू? एका डोळ्याने?”

दिव्यांचा पाइप कुरकुरत खाली आला. ताईंनी फडक्याने धरून चौकट ओढली. आत अकरा नंबर होता.

*

केबिनमध्ये स्टुलाखाली बिस्किटांचे दोन डबे निघाले. ‘ता’च्या डब्यात ताईंनी लिहून दिलेल्या नंबरांचे कागद, एकेक चौकटीत बसवून तयार. ‘प्रे’मध्ये दुसरे.

“‘ता’ म्हणजे ताई,” फ्यूज जमिनीकडे बघत म्हणाला. “आणि ‘प्रे’ म्हणजे प्रेक्षक.”

“म्हणजे तालमीला—”

“तुमचे.”

“आणि प्रयोगाला?”

“पहिल्या प्रयोगाला तुम्ही आत कुठे बसता, ताई? बाहेर पायरीवर बसून नुसतं ऐकता, पहिल्यापासून. मधे कधी बघायला येणार असलात तर आधी फोन करता. तेव्हा मी परत सोळा लावायचो.”

“आणि दिग्दर्शक?”

“त्यांना सांगायचो, ताईंनी शेवटच्या क्षणी बदललं. ते म्हणायचे, बघा, याला म्हणतात ताई.”

ताई स्टुलावर बसल्या. राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण दारापर्यंत येऊन उभाच राहिला. कारण आत सात वर्षांच्या तेवीस सकाळी धुऊन पुसून जागच्या जागी बसत होत्या.

“मला का नाही सांगितलंस?”

“आधी वाटलं, माझंच चुकतंय. मी जाऊन डोळे तपासून आलो. डॉक्टर म्हणाला, ठणठणीत आहेत. मग तर आणखी भीती वाटली.” फ्यूजने कान खाजवला. “सांगितलं असतं तर तुम्ही काम सोडलं असतं.”

“सोडलंच असतं.”

“मग!”

“मग काय मग? इतकी वर्षं ही नाटकं कोणाची, माझी की तुझी?”

“असं काय करता? दिवा कुठे, कोन किती, कधी यायचा, किती वेळ थांबायचा, सगळं तुमचं. मी फक्त सोळाच्या जागी अकरा. चष्म्याचं नाव कोणी जाहिरातीत छापतं का?”

ताईंना हसू फुटणार होतं, तेवढ्यात काहीतरी आठवलं.

“थांब. ते बर्फाचं नाटक? चार वर्षांपूर्वीचं? ज्याला—”

फ्यूज आता छताकडे बघू लागला.

“फ्यूज, त्याला बक्षीस मिळालंय. माझ्या सोफ्यावर लटकवलंय मी ते कात्रण.”

“तेव्हा मी नव्हतो, ताई. पाय प्लास्टरमध्ये होता. शिडीवरून पडलो होतो ना. बदलीला आलेल्या माणसाने तुमच्या कागदावर लिहिलं होतं तस्सं लावलं. मी आलो, बघितलं, हात-पाय गार पडले. पण तोवर बक्षीस जाहीर झालेलं. म्हटलं, आता कशाला हात लावा?”

“माणसं बर्फाखालून...” ताई म्हणाल्या.

“सहन होत नाही, आणि तेच,” फ्यूज म्हणाला.

ताई इतक्या हसल्या, की नव्या डोळ्याला पाणी आलं. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. बाहेरून लागू द्यायचं नाही म्हणाली होती; आतल्याचं काही बोलली नव्हती. अख्ख्या कारकिर्दीतलं एकुलतं एक बक्षीस, आणि ते मोतीबिंदूला!

फ्यूज आधी घाबरला, मग हळूच हसला, आणि मग भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला. सात वर्षं डबे लपवून त्याचीही पाठ मोडली होती.

“घरी कोणाला बोलला होतास?”

“बायकोला. ती म्हणाली, एक दिवस ताई तुझा जीव घेतील.”

“घेईन. आधी नव्या नाटकाची यादी काढ.”

*

नव्या नाटकाच्या दिव्यांची यादी बोर्डावर पसरली. जुन्या डोळ्याने लिहिलेली. ताई एकेका नंबरावर बोट ठेवत गेल्या.

“इथे सोळाचा अकरा कर.”

“इथे नऊ,” फ्यूज म्हणाला.

“नऊ? आजारी माणसाची खोली आहे, लग्नाचा हॉल नाही.”

“म्हणून तर. अकराने तो मेलेलाच दिसेल.”

“दहा.”

“बरं, दहा. आणि इथे हा चौदा?”

“तुला काय वाटतं?”

फ्यूजने मान वर केली. सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच विचारला गेला होता. त्याला पुष्कळ काही वाटत होतं, असं मग निघालं. तासभर दोघं कचाकचा भांडले. चहा आला आणि गार झाला. तो फोन ताईंनी केला नाही. तशी आठवणही राहिली नाही.

शेवटच्या पानावर नाटकातली मुलगी घर सोडून जाते. दार उघडं राहतं, खोलीत कोणी नसतं, आणि उजाडतं.

फ्यूजने न विचारता अकराची चौकट उचलली.

“नको,” ताई म्हणाल्या. “सोळा.”

फ्यूज थबकला. ताईंनी डावा डोळा झाकून सोळाचा तुकडा दिव्यासमोर धरला, आणि बराच वेळ धरून ठेवला. शाईची दौत. अगदी शाईची दौत.

“दिसतंय मला,” त्या म्हणाल्या. “तरी सोळा.”

“सहन होणार नाही, ताई.”

“नकोच व्हायला.”

फ्यूजने ‘ता’चा डबा उघडला, चौकट काढली आणि ‘प्रे’च्या डब्यात ठेवली.

*

फ्यूजचा पाय मोडला तो शिडीवरून पडून नव्हे. घरी, मंगळवारी, एका पायावर उभं राहून मोजा घालताना.