रंगवलेला धूर

“शिवणवालीच्या घरात ते म्हातारीचं चित्र आहे ना, ती म्हातारी नाहीच म्हणे! ते तर तिचे…” वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात एवढंच बोलल्या आणि दूध उतू जाईल म्हणून पळाल्या. असं अर्धवट सोडून जातं का कुणी? माझा जीव टांगणीला! कारण ते चित्र म्हणजे मीच.

मी एक नक्कल बोलतेय. नक्कल म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण तैलरंगात माणसाचा चेहरा शिकायचा, तर आधी एखादं जुनं नावाजलेलं चित्र बघून तसंच काढावं लागतं.

जन्माने मी जाडंभरडं कापड. चौकटीवर ताणून मला पांढरं अस्तर फासलं, तेव्हा शिवणवाली हसली. “मास्तर, आमच्यात अस्तर आतून लावतात हो!” मास्तर म्हणजे शेजारचे निवृत्त चित्रकला शिक्षक. तोंडाने फटकळ, मनाने मऊ. त्यांचा नियम एकच, नक्कल पुरी झाल्याशिवाय जिवंत माणूस समोर बसवायचा नाही.

आणि तिला तर वडिलांनाच रंगवायचं होतं. बाबा दिवसेंदिवस विसरत चालले होते. लेकीलाच ‘ताई’ म्हणायचे, स्वतःची बहीण समजून. ते खुर्चीत नीट बसताहेत तोवर त्यांचं चित्र व्हावं, हाच तिचा ध्यास.

समोर मास्तरांच्या घरचं छापील चित्र ठेवलं होतं, पांढरा रुमाल बांधलेल्या म्हातारीचं. शिवणवालीने आधी मला राखाडी रंगात उभं केलं. ते वाळल्यावर कातडीचा रंग. तो कसा जुळवला, माहितेय? दोऱ्याची रिळं त्या चित्राला लावून! हाताची सवय थोडीच जाते? रंग अगदी तंतोतंत जुळला.

मास्तर आले. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. “अगं बाई, हे चित्र वर्षानुवर्षं माझ्या स्टोव्हच्या वर लटकत होतं, काळपट पडलंय ते. म्हातारीबरोबर तू माझ्या स्वयंपाकघरातला धूरही रंगवलास!”

ती पोट धरून हसली. हसता हसता रडायलाच लागली. “पुन्हा सगळा चेहरा? तोवर बाबा…”

बाबा खिडकीशी बसले होते, गालावर सकाळचं ऊन. मास्तरांनी त्यांची खुर्ची माझ्याजवळ ओढली. “आकार म्हातारीचा घे. कातडी यांची बघ.”

“किती वेळ बसू गं, ताई?”

“थोडाच वेळ, बाबा. हलू नका.”

कानामागचा गुलाबी, डोळ्यांखालचा निळसर… लेकीने बापाकडे इतकं निरखून आयुष्यात पाहिलं नसेल. काय ते दिवस होते! मला तर वाटायचं, मी कधी पुरी होऊच नये.

मी पुरती वाळले नव्हते, तोच बाबा गेले. त्यांच्यासाठी ताणलेली चौकट अजून कोरीच आहे.

परवा काकू बाह्या आखूड करून घ्यायला आल्या. हळूच म्हणाल्या, “खरं सांग, हे तुझे बाबाच ना?”

“नाही हो काकू. नाक त्या म्हातारीचं, हनुवटी तिची.” शिवणवालीने सुई खाली ठेवली. “कातडी तेवढी बाबांची.”

तेव्हा मला बाबा म्हणू नका, आणि नुसती म्हातारीही म्हणू नका. पण याल तर सकाळी या. ऊन माझ्या गालावर येतं तेव्हा शिवणवाली मशीन थांबवते.