ठेवायला दिलेली चावी

“चावी तुम्ही स्वतःच्या हातानं दिली ना?” कोर्टात घरमालक भागवतच्या वकिलानं विचारलं.

“हाव. म्याच देल्ली,” शकीलाबी म्हणाल्या. खोटं कशाला बोलायचं?

त्यांच्या वकीलबाई धम्मशीला यांनी डोळे मिटले. बाहेर वऱ्हांड्यात आल्यावर म्हणाल्या, “मावशी, नुसतं ‘दिली’ म्हटलं की घर सोडलं असं होते. ‘ठेवाले दिली’ म्हनाचं होतं.”

जळगाव जामोदच्या त्या दोन भाड्याच्या खोल्यांत शकीलाबींनी बावीस वर्षं शिवणकाम केलं. गावाला जाताना चावी घरमालकीण कोकिळाबाईंकडे ठेवायची, हा शिरस्ता. कोकिळाबाई त्यांच्या मोगऱ्याला पाणी घालायच्या. लेकीच्या, महनूरच्या बाळंतपणाला म्हणून शकीलाबी गेल्या आणि सव्वा महिन्यानं परतल्या, तर दाराला नवं कुलूप. शिलाई मशीन अंगणात उघड्यावर. कोकिळाबाईंच्या नवऱ्याला, भागवतला, तिथं दुकानाचे गाळे काढायचे होते. “तूच त चावी देऊन गेली,” तो म्हणाला.

वकीलबाईंनी धीर दिला होता, की सहा महिन्यांच्या आत दावा लावला तर मालक कोण हे कोर्ट विचारत नाही. राहत कोण होतं आणि कायद्याशिवाय बाहेर कुणी काढलं, एवढंच बघतं. दावा चौथ्या महिन्यात लागला. एवढंच बघायला तीन वर्षं गेली. बहिणीच्या ओसरीत मशीन मांडून, गुडघे चोळत शकीलाबी तारखा करत राहिल्या. फार थकल्या होत्या.

शकीलाबींच्या साक्षीनंतरच्या तारखेला कोकिळाबाई नवऱ्याच्या बाजूनं साक्षीला उभ्या राहिल्या.

“चावी कशासाठी दिली होती?” धम्मशीलांनी विचारलं.

कोकिळाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“मोगऱ्याले पानी टाकाले. दर बारीले ठेवून जाये.”

निकाल मुख्यतः त्याच वाक्यावर लागला. कोर्टाच्या बेलिफनं कुलूप काढून ताबा दिला. मोगऱ्याच्या कुंडीत नुसत्या काड्या उरल्या होत्या.

बहिणीकडून मशीन आणायला निघताना शकीलाबींनी दाराला कुलूप लावलं आणि सवयीनं कोकिळाबाईंच्या दाराशी जाऊन चावी पुढे केली. कोकिळाबाईंचाही हात पुढे आला. मग त्यांनीच तो मागे घेतला.

“राहू दे बहीन. आता तुह्याजवळच ठेव.”

शकीलाबींनी ओढणीच्या टोकाला चावी बांधली आणि दुसरी गाठ मारली.